हँडहेल्ड गेमिंग मशीन चाललं की पडलं, हे ठरवायचं कसं? पायरी-पायरीने सांगतो

गेल्या दोनेक वर्षांत सोलापुरातली बीबीए-बीसीएची बरीच पोरं माझ्याकडे प्रोजेक्ट घेऊन येऊन गेली, विषय फिरून तोच, अमुक हँडहेल्ड (हातात धरून खेळायचं गेम मशीन) हिट का फ्लॉप, आणि चूकही जवळपास सगळ्यांची एकाच जागी. नेटवर एक आकडा सापडला, मोठा वाटला की हिट, बारका वाटला की फ्लॉप, संपला प्रोजेक्ट. नवी पेठेत मोबाईल अ‍ॅक्सेसरीचं दुकान चालवणाऱ्या एका ओळखीच्यानं तर स्वतःच्या पैशानं ही चूक केली. रील्समध्ये 'सगळीकडे माल संपला' असं ऐकून एका हँडहेल्डचे चाळीस नग मागवले आणि त्यातले एकवीस दिवाळी होऊन गेली तरी काचेच्या कपाटातच होते. त्याचे पैसे अडकलेले बघून मला खरंच वाईट वाटलं, म्हणून एकदा नीट सगळं लिहून काढतोय.

कुठलं मशीन भारी आणि कुठल्यानं इतिहास घडवला हे इथे नाही. फक्त काम कसं करायचं ते.

सुरू करण्याआधी काय तयार ठेवायचं

एक एक्सेल शीट उघडा. कॉलम एवढे करा: मशीनचं नाव, आकडा, आकड्याचा प्रकार, कुठल्या तारखेपर्यंतचा, कोणी सांगितला, सुरुवातीची किंमत, नंतरची किंमत, कंपनीचा स्वतःचा अंदाज, गेम किती विकले गेले. 'आकड्याचा प्रकार' आणि 'कुठल्या तारखेपर्यंतचा' हे दोन कॉलम पोरं हमखास गाळतात आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच होतो. एखादा रकाना रिकामा राहिला तर रिकामाच ठेवा, अंदाजानं भरू नका.

आकडे पहिल्यांदा कंपनीच्याच गुंतवणूकदारांसाठीच्या पानावरून घ्या. निन्टेंडो दर तीन महिन्यांनी मशीन आणि गेम दोन्हीचे एकूण आकडे तिथे टाकतं, फुकट आहे, साधी पीडीएफ असते. व्हिडिओतून ऐकलेला आकडा शीटमध्ये घ्यायचाच नाही, तो फक्त शोधायला सुरुवात म्हणून ठीक.

पायरी १: यश कोणाचं, ते आधी एका ओळीत लिहा

ही पायरी सगळ्यात सोपी दिसते म्हणून सगळे उड्या मारून पुढे जातात. कंपनीचं यश, दुकानदाराचं यश आणि गेम बनवणाऱ्याचं यश ही तीन वेगवेगळी कामं आहेत आणि तिन्हींची उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात.

दोन मशीन शेजारी ठेवून बघा. प्लेडेट म्हणून एक पिवळं छोटं मशीन आहे, बाजूला हाताने फिरवायचा दांडा असलेलं, पॅनिक नावाच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीचं. २०२१ मध्ये ऑर्डर उघडल्यावर पहिले २० हजार नग सुमारे वीस मिनिटांत बुक झाले आणि मशीन हातात पडायला लागल्यापासून वर्षभरात विक्री ५० हजारांच्या वर गेली. आता सोनीचं व्हिटा घ्या, सगळे अंदाज धरले तर आयुष्यात १ कोटीच्या वरच विकलं गेलं. तरी प्लेडेट त्याच्या छोट्या कंपनीसाठी यश आणि व्हिटा सोनीसाठी अपयश. कारण सोनीचं आधीचं पीएसपी ८ कोटींच्या आसपास गेलं होतं आणि व्हिटाचा सगळा खर्च, कारखाने, गेम स्टुडिओ, जाहिरात, त्याच मापानं लावलेला होता. आकडा एकटा बघितला असता तर निकाल बरोब्बर उलटा लागला असता.

म्हणून पहिली ओळ अशी लिहा: 'मी हे यश अमुकच्या बाजूने मोजतोय.' ती लिहिल्याशिवाय पुढच्या पायरीला हात लावू नका.

पायरी २: मशीनची जात ठरवा

चादरीची तुलना चादरीशी करायची, रुमालाशी नाही.

निन्टेंडोचं स्विच टीव्हीलाही जोडता येतं आणि हातातही धरता येतं, स्विच लाईट फक्त हातातलं, पण निन्टेंडोच्या एकूण आकड्यात दोन्ही एकत्र येतात. स्टीम डेक म्हणजे हातात मावणारा पीसीच, त्याला गेमची वेगळी बाजारपेठ उभी करावी लागली नाही, स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानाची आधीपासूनची लायब्ररी मिळाली. सोनीचं प्लेस्टेशन पोर्टल तर पीएस५ या त्यांच्याच टीव्हीवरच्या मशीनच्या जोडीनं वापरायला बनवलेलं यंत्र, म्हणजे गिऱ्हाईक मुळातच पीएस५ वालं. या सगळ्यांना एकाच यादीत लावून 'क्रमांक एक, क्रमांक दोन' करणं चुकीचं आहे.

⚠ थांबा: निन्टेंडोच्याच गेम बॉयचा म्हणून जो ११ कोटी ८६.९ लाखांचा आकडा सगळीकडे फिरतो त्यात १९८९ चा गेम बॉय आणि १९९८ चा गेम बॉय कलर दोन्ही आहेत. 'एका मशीनचा आकडा' म्हणून लिहिलात तर तुलना तिथेच फसली.

पायरी ३: एकक सांभाळा

छोटी पायरी आहे पण मार्क इथेच जातात. निन्टेंडोच्या निकालाच्या पीडीएफमध्ये नगांचा आकडा दहा हजारांच्या एककात असतो, वेबसाईटच्या तक्त्यात मिलियनमध्ये, आणि आपण लिहिणार कोटी-लाखात. निन्टेंडोच्या डीएस या जुन्या हँडहेल्डचं उदाहरण घ्या. पीडीएफच्या एककात १५,४०२, तक्त्यात १५४.०२ मिलियन, आपल्या हिशोबात १५ कोटी ४० लाख २० हजार. एका पोरानं १५,४०२ तसाच उचलला आणि 'डीएस फक्त पंधरा हजार विकलं गेलं' असं लिहून दोन पानांचं विश्लेषण केलं होतं.

तपासा: मिलियनला दहानं भागलं की कोटी. शीटमध्ये सगळ्या ओळी कोटीत करून घ्या आणि मगच पुढे.

पायरी ४: पाठवलेला, विकलेला की अंदाज?

इथे जरा थांबून वाचा, सगळ्यात जास्त घोळ या पायरीत आहे.

आमचं घर टॉवेल-चादरीच्या होलसेलमधलं, त्यामुळे ही गोष्ट लहानपणापासून डोळ्यासमोर आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या कारखान्यातून टॉवेलच्या हजार डझनाची गाडी निघाली की कारखानदाराच्या वहीत विक्री लागते. माल अजून चाटी गल्लीतल्या व्यापाऱ्याच्या गोडाऊनमध्ये गाठोड्यातच असतो, एकही टॉवेल कुणाच्या घरी गेलेला नसतो, आणि सहा महिन्यांनी त्यातला अर्धा परतही येऊ शकतो. कारखानदार खोटं बोलत नाहीये, त्याच्या बाजूनं ती विक्रीच आहे. पण 'लोकांनी हजार डझन टॉवेल घेतले' असं तुम्ही त्यावरून म्हणू शकत नाही.

गेमिंग मशीनचंही अगदी असंच आहे. कंपन्या जो आकडा देतात तो बहुतेक वेळा दुकानांना आणि वितरकांना गेलेल्या मालाचा असतो. गिऱ्हाईकाच्या हातात गेलेला आकडा वेगळा, तो कधी कंपनी सांगते, कधी दुकानांची बिलं गोळा करणाऱ्या संस्था सांगतात. तिसरा प्रकार म्हणजे निव्वळ अंदाज, जेव्हा कंपनी काहीच सांगत नाही तेव्हा बाहेरच्यांनी बांधलेला.

नोकियाचं एन-गेज ऑक्टोबर २००३ मध्ये आलं, किंमत २९९ डॉलर, फोन आणि गेम मशीन एकत्र, आणि गेम बदलायचा तर मागचं झाकण काढून बॅटरी बाजूला करावी लागायची. पहिल्या दोन आठवड्यांत ४ लाख नगांचा आकडा कंपनीकडून आला, ऐकायला जबरदस्त. बाजार मोजणाऱ्यांनी दुकानांतली विक्री बघितली तर अमेरिकेत ती ५ हजारांच्या आसपासच निघाली. म्हणजे माल निघाला होता, पोचलाही होता, पण फळीवरून हलत नव्हता. ज्यानं त्या आठवड्यात ४ लाखांवर विश्वास ठेवून 'हिट' लिहिलं तो तोंडावर पडला असता.

मग काय करायचं? प्रत्येक आकड्यापुढे तीनपैकी एक शब्द लिहा: पाठवलेला, विकलेला, अंदाज. कळत नसेल तर 'पाठवलेला' समजा. आणि एक लक्षात घ्या, जुन्या, उत्पादन बंद झालेल्या मशीनच्या बाबतीत हा फरक जवळपास मिटतो, कारण गोडाऊनचा माल कधी ना कधी सवलतीत का होईना निघून जातो. फरक भयंकर मोठा असतो तो पहिल्या सहा महिन्यांत, आणि दुर्दैवानं सगळे निकाल त्याच काळात दिले जातात.

⚠ थांबा: कंपनीनं आकडा देणंच बंद केलं तर तीही माहितीच आहे, शीटमध्ये नोंद करा. सोनीनं व्हिटाचा आकडा पीएसपीच्या आकड्यात मिसळून द्यायला सुरुवात केली आणि पुढे वेगळा आकडा आलाच नाही. चालणारा माल कुठलाही व्यापारी दुसऱ्या मालाच्या गाठोड्यात लपवत नाही.

पायरी ५: काळ जुळवा

आठ वर्षं बाजारात असलेल्या मशीनशी आठ महिन्यांच्या मशीनची तुलना करायची नाही, हे सांगायची गरज वाटत नाही पण प्रोजेक्टमध्ये तेच येतं. दोन्ही मशीनचं वय सारखं करा, पहिलं वर्ष विरुद्ध पहिलं वर्ष.

आपल्याला एक सोय आहे, निन्टेंडो आणि सोनी दोघांचंही आर्थिक वर्ष आपल्यासारखंच एप्रिल ते मार्च. पण तिमाह्या सारख्या समजू नका. ऑक्टोबर ते डिसेंबर म्हणजे तिकडचा नाताळ, आपल्याकडे दिवाळीत जसं वर्षाचं निम्मं काम होतं तसं. एप्रिल-जूनचा आकडा त्याच्या शेजारी लावून 'विक्री घसरली' म्हणू नका, मागच्या वर्षीच्या एप्रिल-जूनशी लावा.

मग वर्षांची रांग लावून उतार-चढाव बघा. स्विचची रांग मार्च २०१८ ला संपलेल्या वर्षापासून लावली तर अशी दिसते (कोटीत): १.५०, १.७०, २.१०, २.८८, २.३१, १.८०, १.५७, १.०८. चौथ्या वर्षी शिखर आणि आठव्या वर्षीही एक कोटीच्या वर. शिखर चौथ्या वर्षी यायला कोविडच्या लॉकडाऊनचा हातभार होता, तो शेरा शेजारी लिहा. नुसती १५.२१ कोटींची मार्च २०२५ पर्यंतची बेरीज (या रांगेच्या आधीचा पहिला महिना धरून) बघितली असती तर यातलं काहीच दिसलं नसतं.

पायरी ६: कंपनीनं स्वतः काय म्हटलं होतं?

जपानी कंपन्या वर्षाच्या सुरुवातीला यंदा किती नग विकू याचा अंदाज जाहीर करतात. माझ्या मते यापेक्षा प्रामाणिक मोजपट्टी नाही, कारण त्याच आकड्यावर त्यांनी कच्चा माल मागवलेला असतो.

फक्त पहिला अंदाज धरा, सुधारलेला नाही. मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षासाठी निन्टेंडोनं स्विचचा अंदाज १ कोटी ३५ लाख दिला होता, मग १ कोटी २५ लाख केला, मग १ कोटी १० लाख, आणि निघाले १ कोटी ८ लाख. शेवटच्या अंदाजाशी तुलना केली तर 'जवळपास लक्ष्य गाठलं', पहिल्याशी केली तर वीस टक्के कमी. पोरं बातमीतला शेवटचा अंदाज उचलतात आणि फसतात. अर्थात आठव्या वर्षातल्या मशीनची ही घसरण आहे, त्यामुळे तिचं वजन पहिल्या वर्षातल्या घसरणीएवढं नाही.

पायरी ७: एका मशीनमागे किती गेम?

मशीन विकून पैसे थोडे मिळतात, कधी मिळतच नाहीत, खरी कमाई गेममधून. त्यामुळे एकूण गेमला एकूण मशीननं भागा. निन्टेंडोच्या आकड्यांवरून:

गेम बॉय आणि कलर: ५०.११ भागिले ११.८७, म्हणजे साधारण ४.२
गेम बॉय अ‍ॅडव्हान्स: ३७.७४ भागिले ८.१५, साधारण ४.६
डीएस: ९४.८८ भागिले १५.४०, साधारण ६.२
स्विच, मार्च २०२५ पर्यंत: १३९.१८ भागिले १५.२१, साधारण ९.१

हे बघून 'स्विचवाले दुप्पट खेळतात' असं लगेच लिहू नका. स्विचच्या आकड्यात डाउनलोड करून घेतलेल्या प्रतीही आहेत, गेम बॉयच्या काळात सगळं कार्ट्रिजवर, म्हणजे मशीनमध्ये खोचायच्या गेमच्या डबीवर. मशीनसोबत डब्यातच आलेला गेमही गेम म्हणून मोजला गेलेला असतो. आणि गेम बॉयची कार्ट्रिज पोरं एकमेकांत बदलून खेळायची, एक कार्ट्रिज गल्लीत दहा घरी जायचं, ते कुठल्याच आकड्यात येत नाही. डीएस आणि पीएसपीला पायरसीनं किती खाल्लं तेही या भागाकारात दिसत नाही.

तरी भागाकार कराच. मशीन खपलं आणि गेम खपले नाहीत असं दिसलं तर तिथे काहीतरी दुखतंय हे नक्की.

पायरी ८: किंमत, कपात आणि नंतरचा खर्च

ही पायरी मी एका मशीनवर पूर्ण करून दाखवतो, थ्रीडीएस, निन्टेंडोचं डीएसच्या नंतरचं हँडहेल्ड.

जपानात २६ फेब्रुवारी २०११ ला आलं, २५ हजार येनला, महिन्याभरात अमेरिकेत, २४९.९९ डॉलरला. मार्चअखेरपर्यंत ३६ लाख नग गेले. इथपर्यंत बघणाऱ्यानं लिहिलं असतं 'दणक्यात सुरुवात'. पुढच्या एप्रिल ते जून तिमाहीत जगभरात मिळून गेले फक्त ७ लाख १० हजार. पायरी ४ आठवा, सुरुवातीचा माल दुकानांत भरलेला होता, तो हलत नव्हता, मग नवी मागणी कुठून येणार? ऑगस्टमध्ये किंमत थेट १५ हजार येन आणि १६९.९९ डॉलर केली, बाजारात येऊन सहा महिनेही झाले नव्हते. आधी घेतलेल्यांना वाईट वाटू नये म्हणून वीस जुने गेम फुकट दिले. वर्षाचा अंदाज १ कोटी ६० लाख होता, निघाले १ कोटी ३५ लाख, आणि कपातीनंतर मशीन काही काळ बनवायच्या खर्चाच्याही खाली विकावं लागलं. त्या वर्षी निन्टेंडोला ४,३२० कोटी येनचा निव्वळ तोटा झाला (वी हे त्यांचं टीव्हीवरचं मशीन थंडावलेलं होतं आणि येन महाग झाला होता, सगळं पाप थ्रीडीएसच्या माथी मारू नका).

आता निकाल? आयुष्यभरात ७ कोटी ५९ लाख नग. डीएसच्या निम्मं. पण व्हिटाच्या कितीतरी पट. मी लिहीन: नगांच्या बाजूने यशस्वी, पहिल्या वर्षाच्या पैशाच्या बाजूने अपयशी, मागच्या मशीनच्या तुलनेत घसरण. तीन ओळी, तिन्ही खऱ्या. एका शब्दात निकाल मागणाऱ्या सरांना सुद्धा हेच द्या आणि पायऱ्या दाखवा.

किंमतीच्याच पायरीत खरेदीनंतरचा खर्च बघायचा, तो गिऱ्हाईक बरोबर मोजतं आणि प्रोजेक्टवाले विसरतात. सेगाच्या गेम गिअरला रंगीत स्क्रीन होती, गेम बॉयला करड्या-हिरव्या छटा, पण गेम गिअर सहा सेल तीन ते पाच तासांत संपवायचं आणि गेम बॉय चार सेलवर त्याच्या कितीतरी पट चालायचं. सेगाचा आकडा १ कोटी ६ लाखांच्या आसपास थांबला. व्हिटा २४९.९९ डॉलरला होतं, पण त्याला सोनीचंच खास मेमरी कार्ड लागायचं आणि अमेरिकेत ३२ जीबीचं कार्ड सुरुवातीला ९९.९९ डॉलरला. मशीनच्या किंमतीच्या चाळीस टक्के नुसतं कार्डाला! शीटमध्ये 'दोन वर्षं वापरायचा खर्च' असा कॉलम वाढवा.

पायरी ९: सोलापुरातून बघताना

आपल्या आजूबाजूला दिसतं त्यावरून जगाचा निकाल लावायचा नाही आणि जगाच्या निकालावरून आपल्या दुकानाचा माल भरायचा नाही, दोन्ही बाजूंनी चूक होते.

जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत फिरताना स्टॉलवर 'चारशे गेम' लिहिलेली छोटी मशीन ढिगानं दिसतात, ती खपतातही, पण त्यांचा हिशोब कुठल्याच कंपनीच्या अहवालात नाही. उलट निन्टेंडो भारतात अधिकृतपणे विकतच नाही, स्टीम डेकही नाही, जे येतं ते बाहेरून आणलेलं, वॉरंटीचा प्रश्न वेगळा. त्यामुळे इथल्या काचेच्या कपाटात स्विच दिसत नाही म्हणून ते चाललं नाही असं होत नाही. अधिकृत आलेल्यांत असुस कंपनीचं, हातात मावणाऱ्या पीसीच्या जातीचं आरओजी अ‍ॅलाय २०२३ मध्ये ६९,९९० रुपयांना आलं, प्लेस्टेशन पोर्टल २०२४ मध्ये १८,९९० ला. सत्तर हजारात आपल्याकडचा बाप पोराला अभ्यासाच्या नावाखाली लॅपटॉप घेऊन देईल, हातातलं गेम मशीन घेऊन देणं अवघड.

दुकानदार मंडळींनो, माल भरण्याआधी तुमच्यासाठी वेगळी चाचणी. चाळीस नाही, चार नग आणा. प्रत्येकाची आणल्याची आणि विकल्याची तारीख वहीत लिहा. कुणी भाव विचारून गेलं तर तीही वेगळी रेघ ओढा. शेवटचा नग सवलत न देता किती दिवसांत गेला ते बघा, आणि बिघडलेलं मशीन परत आलं तर दुरुस्ती कोण करणार हे होलसेलरकडून आधी लिहून घ्या.

⚠ थांबा: 'माल संपला' ही बातमी ऐकली की विचारा, किती माल होता? पन्नास नग आणून पन्नास संपले तरी संपलाच.

पायरी १०: निकाल लिहायचा साचा

एका परिच्छेदात, या क्रमानं: कोणाच्या बाजूने मोजलं, कुठल्या जातीच्या मशीनशी तुलना केली, आकडा आणि त्याचा प्रकार, कुठल्या तारखेपर्यंतचा, कंपनीच्या पहिल्या अंदाजाच्या किती वर किंवा खाली, मशीनमागे किती गेम, किंमत कधी किती उतरवावी लागली. त्यानंतर तुमचं मत. मत शेवटी.

लिहून झालं की एखाद्या मित्राला फक्त आकड्यांचे रकाने दाखवा, मत झाका, आणि त्याला निकाल विचारा. त्याचा निकाल तुमच्यापेक्षा वेगळा आला तर पायरी १ ची ओळ परत वाचा, बहुतेक वेळा गडबड तिथेच सापडते.

बाजारात अजून चालू असलेल्या मशीनवर, म्हणजे आत्ता स्विच २ वर, निकाल लिहिणार असाल तर वर ठळक तारीख टाका. ते ५ जून २०२५ ला आलं आणि चार दिवसांत ३५ लाखांच्या वर गेलं, पण चार दिवसांच्या आकड्यावर पायरी ५ आणि ७ करताच येत नाहीत, त्या जागा कोऱ्या सोडा. तिमाही निकाल साधारण फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये येतात, मोबाईलमध्ये त्यांचे रिमाइंडर लावून ठेवा आणि दर वेळी शीटमध्ये नवी ओळ वाढवा, जुनी ओळ पुसू नका.